गुरुवारच्या गावातलं रविवारचं गाणं

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो, ही गोष्ट पुण्याच्या माणसाला सांगून पटत नाही. वीज सगळ्यांना पुरावी म्हणून कारखान्यांच्या सुट्ट्या वाटून दिल्या गेल्या आणि इथल्या वाट्याला गुरुवार आला. तेव्हापासून इथली माणसं जगाच्या उलट्या आठवड्यात राहतात. रविवारी भाचीचं लग्न निघालं तर खाडा करायचा, आणि गुरुवारी हौसेने कुणाकडे जावं तर त्याच्या दाराला कुलूप. त्यात गुरुवार दत्ताचा. सुट्टी आहे, माणूस घरात आहे, पगार झालेला आहे आणि मटण मात्र आणता येत नाही, हे दुःख इथल्या चाळीचाळींतून वर्षानुवर्षं मुकाट्याने गिळलं गेलं आहे.

त्र्याहत्तर साली एका कंपनीच्या कल्याण समितीने कामगारांसाठी संगीत महोत्सव भरवायचं ठरवलं, तेव्हा समितीतल्या एकालाही हे आठवलं नाही. प्रमुख पाहुणे पुण्याचे. त्यांना सवड रविवारी. संध्याकाळच्या आत त्यांना घरी पोचायचं होतं, म्हणून गाणं दुपारचं. मग घरोघरी पास वाटले गेले. पासावर छापलं होतं, 'कामगार बंधूंसाठी, सहकुटुंब'. कामगार बंधूंनी पास उलटसुलट करून बघितले आणि फडताळात टाकून दिले, कारण त्या दुपारी त्यांना कंपनीने कंपनीतच बोलावलं होतं.

कोंडीरामच्या घरातला पास मात्र फडताळात गेला नाही. त्याच्या बायकोने, कस्तुराने, तो आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला.

कस्तुरा मूळची कुरुळीची. लग्न झाल्यापासून कंपनीच्या चाळीत राहणारी, पस्तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. मुलं त्या आठवड्यात आजीकडे गेली होती. तिला गाण्यातलं काही कळत होतं असं कुणी म्हणणार नाही, तीही म्हणाली नसती. पण बोनसच्या पैशांतून घरात रेडिओ आला आणि तिला एक खोड लागली. कोंडीराम पहिल्या पाळीला गेला की ती रेडिओ लावायची. सकाळी कुणी बुवा गात असायचे, सावकाश, एकाच ओळीभोवती फिरत, जसं काही त्यांना कुठे जायचंच नाही. कस्तुरा हातातलं काम ठेवून ऐकत बसायची. आणि बुवा जरा रंगात आले की दूध उतू जायचं. दूध नाही तर नळ यायचा. नळ नाही तर दारात रॉकेलवाला. आणि यांतलं काहीच झालं नाही, तर रेडिओतली बाई स्वतः मध्ये पडून सांगायची की आता बातम्या. सहा-सात वर्षांत कस्तुराने कित्येक गाणी सुरू झालेली ऐकली. संपलेलं एकही ऐकलं नव्हतं.

एकदा तिने शेजारच्या रुक्मिणीबाईंना विचारलं होतं, "ही मोठी गानी संपत्यात कशी वो?"

रुक्मिणीबाई चाळीतल्या भजनी मंडळाच्या मुख्य. त्यांना प्रश्नच समजला नाही. "संपत्यात म्हंजी? पेटीवाला पेटी मिटतो. झालं."

पास आला त्या दिवसापासून कस्तुराच्या डोक्यात एवढंच होतं. एक गाणं आरंभापासून शेवटापर्यंत ऐकायचं. दूध नाही, नळ नाही, बातम्या नाहीत.

अडचण होती ती सोबतीची. कोंडीराम पहिल्या पाळीला. रुक्मिणीबाईंचा नवराही पहिल्या पाळीला, आणि तो घरी यायच्या वेळी बाई चुलीशी नसली तर तो चूलच उचलून बाहेर फेकणाऱ्यांतला. बाकीच्या बाया म्हणाल्या, "तू जाऊन ये, मग आमाला सांग." रॉकेलच्या रांगेत अर्धा दिवस एकटीने उभं राहायला बाईमाणसाला सोबत लागत नाही. रेशनला लागत नाही, दवाखान्यात लागत नाही, पाणी नाही आलं तर डोक्यावर घागर घेऊन हमरस्त्यापलीकडे जायलाही लागत नाही. गाणं ऐकायला मात्र लागते.

"एकली जानार?" कोंडीराम जेवता जेवता थांबला. "आन् कुनी बघितलं मंजी?"

"बघू द्या की. तिथं समदे बघायलाच आलेले असत्यात."

"लोक काय म्हनतील?"

"लोक कामावर हायेत. तुमीच सांगितलं."

कोंडीराम टर्नर होता. लोखंडाचा तुकडा हव्या त्या मापात आणणं हा त्याच्या हातचा मळ, पण बायकोचं बोलणं त्याला आजवर मापात आणता आलं नव्हतं. त्याने बराच वेळ भाकरी चावली आणि अट घातली. "तीनच्या भोंग्याला घरात पायजे. मी दारात आलो आन् कुलूप बघितलं, तर पुन्हा गान्याचं नाव काढायचं न्हाई. त्यो रेडिओबी इकून टाकीन."

कस्तुरा म्हणाली, "व्हय." गाणं बाराला सुरू होणार असं पासावर होतं. तीन तासांत गाणं संपत नसेल असं तिला वाटलं नाही. सभेत आधी भाषणं असतात, हे तिला ठाऊक नव्हतं.

निघताना रुक्मिणीबाईंनी दारातून हाक मारली. "कस्तुरे, पिशवी घे हातात."

"पिशवी कशाला?"

"रिकाम्या हातानं चाललेली बाई दिसली की लोक इचारतात कुठं. पिशवी असली की कुनी इचारत न्हाई."

सल्ला अनुभवाचा होता. कस्तुराने भाजीची पिशवी घेतली, आणि खरोखरच चाळीपासून चिंचवडच्या मैदानापर्यंत तिला कुणी काही विचारलं नाही. एकाने फक्त वांग्याचा भाव विचारला.

मैदानाच्या दारात मात्र पिशवीचा उपयोग संपला. तिथे छातीला बिल्ला लावलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी पास वाचला, मग कस्तुराकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं.

"कामगार कुठे आहे?"

"कामावर."

"पास कामगारासाठी आहे. सहकुटुंब. कुटुंब आलं, पण 'सह' कुठे आहे?"

"त्येला तुमीच बोलावून घेतलंय. सोडत आसाल तर आनते."

गृहस्थ विचारात पडले. तेवढ्यात कल्याण अधिकाऱ्यांच्या पत्नी सुमनताई तिथे आल्या. महोत्सवाची सगळी धावपळ त्यांच्या गळ्यात होती आणि गळ्यात मोत्यांचा सर होता. त्यांनी मांडवात एक नजर टाकली. पुढच्या कोचांवर पाहुण्यांसाठी राखीव अशी चिठ्ठी, आणि चिठ्ठीमागे कुणी नाही. मधल्या खुर्च्यांवर तिसऱ्या पाळीचे लोक. त्यांना कंपनीच्या साहेबांनी 'या' असं सांगितलं होतं म्हणून ते रात्रभर काम करून, घरी न झोपता इथे आले होते आणि आल्या आल्या झोपले होते. बायकांची बाजू अर्धी रिकामी.

"अहो, सोडा त्यांना आत," सुमनताई म्हणाल्या. "खुर्च्या मोकळ्या दिसतायत, फोटोत बरं दिसत नाही." मग कस्तुराला, गोड आवाजात, "कुणाबरोबर आलात हो?"

"एकलीच आले."

"अय्या. म्हणजे मिस्टर मागून येतायत?"

"न्हाई. ते घरी येतील."

सुमनताईंनी तिच्याकडे अशा मायेने पाहिलं की जणू घरात काही वाईट घडलं आहे आणि बाई सांगत नाही. त्यांनी तिला बायकांच्या बाजूला पहिल्या ओळीत नेऊन बसवलं. तिथे फोटोग्राफर होता.

बाराला दीपप्रज्वलन होतं. पाहुणे साडेबाराला आले. मैदानावर वारा होता आणि समईची वात काही पेटेना. शेवटी तिसऱ्या पाळीतल्या एकाला उठवून त्याच्याकडची काड्यापेटी घेतली, कारण पाहुणे, साहेब आणि कल्याण अधिकारी हे तिघेही विडी न ओढणारे निघाले. मग स्वागत झालं. स्वागत करणाऱ्याचं स्वागत झालं. नारळ आणि शाली दिल्या गेल्या, त्या घेणाऱ्यांची नावं वाचली गेली, आणि एक नाव राहून गेलं म्हणून सगळी पुन्हा वाचली गेली.

मग साहेब बोलायला उभे राहिले. साहेबांनी कुठेतरी वाचलं होतं की गाणं लावलं तर गाई जास्त दूध देतात. "बंधूंनो," ते झोपलेल्या बंधूंना म्हणाले, "परदेशात हे सिद्ध झालेलं आहे. मग आपल्याकडे उत्पादन का वाढणार नाही?" यावर पुढच्या कोचावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कस्तुराच्या शेजारी बसलेली एक म्हातारी हळूच म्हणाली, "आमच्या म्हशीला गानं लावून बघाया पायजे. लाथ मारती." कस्तुराला हसू आलं, पण तिचं लक्ष उन्हाकडे होतं. मांडवाच्या कनातीखालून येणारी उन्हाची पट्टी आत सरकत चालली होती, आणि ज्यांचं गाणं होतं ते बुवा अजून मंचाच्या मागे लाकडी खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले दिसत होते.

पाहुण्यांनी आपण संगीतातलं जाणत नाही असं सांगितलं आणि ते पाऊण तास सांगितलं.

बुवा मंचावर येऊन बसले तेव्हा दोन कधीच वाजून गेले होते. उंचेपुरे, वयस्क, सांगलीकडचे, अंगावर मघाशी मिळालेली शाल. तंबोरे लागले. माइकवाल्याने माइक एकदा त्यांच्या तोंडात आणि एकदा पोटाशी लावून पाहिला. शेवटी बुवांनी डोळे मिटले आणि पहिला सूर लावला.

कस्तुराने पिशवी मांडीवर घेतली. रेडिओत हा आवाज डबीतून यायचा. इथे तो माणसातून येत होता, खोकल्यासकट. घोट घेताना गळा हललेला दिसत होता. बुवा सावकाश जात होते, एक एक पायरी चढून पुन्हा खाली येत होते. आता दूध नाही, असं कस्तुराला वाटलं. नळ नाही. आणि लगेच वाटलं, पण भोंगा आहे. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. तिने आरंभाचा भाग असाच ऐकला, एक कान मंचाकडे आणि एक कंपनीकडे. उठावं का, आता उठलं तर घर गाठेन, ही ओळ झाली की उठू. ओळ व्हायची आणि बुवा तीच ओळ पुन्हा धरायचे, थोडी वेगळ्या अंगाने, आणि ही सोडून पुढची ऐकू असं व्हायचं. तबला सुरू झाला. गाणं आता कुठे चालायला लागलं होतं.

आणि तीनचा भोंगा झाला.

चिंचवडला भोंगा ऐकू येत नाही, तो अंगावर येतो. तंबोरे त्यात बुडून गेले. आणि सगळा मांडव उभा राहिला. तिसऱ्या पाळीचे लोक झोपेतून खाडकन उठले, एकदोघांनी तर शेजाऱ्याला 'चल' म्हणून ढोसलं. बायका उठल्या, कारण तीनच्या भोंग्याला चहाचं आधण ठेवायचं असतं आणि ते पायांना माहीत असतं, डोक्याला विचारावं लागत नाही. म्हातारी उठली. दारावरचे बिल्लेवाले गृहस्थ बसले होते ते उठले. साहेबांनी चमकून मागे पाहिलं, सगळे उभे आहेत म्हटल्यावर ते उठले. साहेब उठले म्हणून पाहुणे उठले. फोटोग्राफरने तेवढ्यात बटण दाबलं. तो फोटो पुढे कंपनीच्या मासिकात पानभर छापून आला, खाली 'रसिकांनी उभे राहून दिलेली मानवंदना' असं लिहून. त्यात सगळ्यांची तोंडं मंचाच्या नव्हे, कंपनीच्या दिशेला आहेत, पण ते सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही.

बुवांनी डोळे उघडले. समोर सगळा मांडव उभा. ते गाता गाता थांबले. एवढं काय केलं आपण, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं, मग त्यांनी शाल सावरली आणि हात जोडले. तंबोरे थांबले.

कल्याण अधिकारी दबा धरून बसल्यासारखे माइकवर धावले. "बुवांच्या गायनाने भारावून गेलेल्या आपण सर्वांनी जी ही मानवंदना दिली, त्यानंतर माझ्यासारख्या पामराने आभार ते काय मानावेत, तरीपण सर्वप्रथम मी आभार मानतो ते..."

कस्तुराही उभी होती. पिशवी काखेत, पदर खोचलेला. पाच-दहा मिनिटांत कोंडीराम फाटकाबाहेर येईल, आणखी पंधरा मिनिटांत दारात. आताही पळत सुटली तर फार उशीर होणार नाही. गाणं तर बंद झालंच होतं. उतू गेलं होतं म्हणा, नेहमीसारखं. ती वळलीही. आणि मग तिला दिसलं की तबलजी तबल्यावर खोळ चढवतो आहे.

"थांबा की," ती म्हणाली.

आवाज रॉकेलवाल्याची गाडी थांबवायचा होता. त्याला माइक लागत नसे. आभार थांबले.

"बुवा, भोंगा झालाय नुसता," कस्तुरा म्हणाली. "गानं कुठं झालंय?"

कल्याण अधिकाऱ्यांनी हाताचा आडोसा करून पाहिलं. "कोण त्या? बाई, तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कुनी न्हाई," कस्तुरा म्हणाली. सबंध मांडवाने ते ऐकलं.

बुवा पुढे वाकले. "भोंगा झाला म्हणजे काय झालं हो?"

"पैली पाळी सुटली. हिथं भोंगा झाला की मानूस उठतंय. ही झोपंतनं उठली, त्या बाया चा ठेवाया उठल्या, आन् सायेब का उठले ते त्येंनाच ठावं. तुमाला कुनी मान देत न्हाई आन् कुनी घालवतबी न्हाई."

बुवा तबलजीकडे वळले. "ऐकलंत? आणि मी शाल सावरत होतो." मग पुन्हा कस्तुराकडे. "तुम्ही का उठलात?"

"मीबी चालाच उठले."

"मग?"

कस्तुराने दाराकडे पाहिलं. कोंडीराम आता फाटकाशी असेल. हातात डबा, डोक्यात अट.

"मग बसते," ती म्हणाली, आणि बसली.

बुवांनी अंगावरची शाल काढून बाजूला ठेवली. तबल्याची खोळ निघाली. कल्याण अधिकारी माइकपाशी अर्धे आभार तोंडात धरून उभे राहिले, मग सुमनताईंनी खूण केली तसे खाली आले. पाहुण्यांना निघायचंच होतं, ते निघाले. त्यांना पोचवायला साहेब गेले, साहेबांना पोचवायला समिती गेली. बायका पिशव्या सांभाळत भराभर बाहेर पडल्या. तिसऱ्या पाळीतले निम्मे गेले, निम्मे पुन्हा झोपले. मांडववाला रिकाम्या खुर्च्यांची चळत लावायला लागला, पण प्रत्येक खुर्ची मिटताना मोठा आवाज व्हायचा, आणि प्रत्येक आवाजाला पहिल्या ओळीतली एक बाई मान वळवून त्याच्याकडे बघायची. तिसऱ्या वेळेला तो चळतीवरच बसून राहिला. म्हातारी तेवढी परत आली. "घरी कोन हाय माज्या चाची वाट बघनारं," म्हणाली आणि पाय वर घेऊन बसली.

गाणं किती वेळ चाललं ते कस्तुराला सांगता आलं नसतं. मध्ये तिचं मन घरी जाऊन आलं. रेडिओ विकला गेला, कोंडीराम रागाने गावाला निघून गेला, पोरं परतली ती दाराला कुलूप, एवढं सगळं तिने मंद लयीतच उरकून घेतलं. मग लय वाढली आणि मनाला तिकडे जायला फुरसत मिळाली नाही. बुवा त्याच ओळीला चारी बाजूंनी भिडत होते. घाम पुसायला हात उचलायचे आणि विसरायचे. मग ती ओळ, अगदी सुरुवातीला होती तशी, साधी, एकदाच म्हणाले, आणि खालच्या सुरावर येऊन राहिले. तंबोरे एकटेच वाजत राहिले.

टाळी वाजवायची का, हे मांडवात कुणाला कळेना.

"झालं, बाई," बुवा म्हणाले.

"झालं?"

"झालं."

"बरं," म्हणून कस्तुरा उठली.

चाळीत बातमी तिच्या आधी पोचली होती, तीही वाढून. कस्तुराने बुवांना दम भरला, साहेबांना बाहेर काढलं आणि माइक हिसकावून घेतला, असं रुक्मिणीबाईंच्या ओट्यावर ठरून गेलं होतं. कोंडीराम आपल्या कुलपासमोर पायरीवर बसला होता. बाजूला डबा. तिने किल्ली काढली, कुलूप उघडलं. तो उठला नाही.

"भोंगा ऐकू आला न्हाई व्हय तिथं?"

"आला की. समदे उठले."

"आन् तू?"

"मीबी उठले."

"मग?"

"परत बसले."

बारा वर्षं तो भोंग्याखाली काम करत होता. भोंग्याला उठलेली माणसं त्याने हजारांनी पाहिली होती. उठून परत बसलेलं माणूस हे पहिलंच. त्यावर काय बोलतात हे त्याला सुचेना, आणि रेडिओ विकायचा म्हणजे आधी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. तो आत आला, भिंतीला टेकला. चहा झाला, बशीत ओतला गेला, अर्धा पिऊन झाला, तेव्हा त्याने बशीकडे बघत विचारलं, "शेवट काय झाला?"

कस्तुरा सांगायला लागली. "पैल्यांदा जी ओळ हुती का, तिथंच आले बघा. फिरून फिरून, फिरून फिरून, आन् बरूबर तिथंच."

"एवढं बसून परत तिथंच?" कोंडीराम म्हणाला. "मग त्येला पास कशाला पायजे? त्यो धंदा आमी रोज करतो."

"तसं न्हवं," ती म्हणाली. तिने पायरीवरचा त्याचा डबा उचलून मोरीत नेला. राखेने घासता घासता ती ओळ पहिल्यापासून म्हणून बघितली, आधी मनात, मग जरा मोठ्याने. शेवटाला पोचेपर्यंत डबा दोनदा घासून झाला होता. बाहेर खोलीत कोंडीरामने रेडिओचा कान पिळला, बातम्या लागल्या, आणि त्याने त्या आपणहून बंद केल्या.